वाकळीत कौसाबाईची जागा

एसटी सुटायला बराच वेळ होता, तरी मायनं मला आधीच आत बसायला लावलं. पिशोरच्या स्टँडवर तेव्हा शेड नव्हतं, एक लिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत बा दोन कोकरांना दोरीनं धरून उभा होता. बाजारचा दिवस होता आणि लेक नवऱ्याबरोबर शहरात चालली तरी कोकरं विकायची ती विकायचीच होती. हे माझ्या शेजारी पाय आखडून बसले होते. चिकलठाण्याच्या कारखान्यात नुकते लागले होते, मुकुंदवाडीत खोली मिळाली म्हणून मला न्यायला आले होते. माय खिडकीपाशी आली. मला वाटलं काही सांगेल, नीट राहा, यांचं ऐक, असं. ती म्हणाली, "बोचक्यातलं एक जुनं काढून दे. तुझ्या अंगाला लागलेलं."

मी परकर काढून दिला. तिनं तो दातात धरून टरकावला, अर्धा मला परत दिला, अर्धा कमरेला खोचला. रुक्मे, तू, माझी पाठची बहीण, तिच्या मागं उभी होतीस. तू रडत नव्हतीस, माझ्या नव्या बांगड्यांकडं बघत होतीस. गाडी निघाली तेव्हा बानं हात वर केला आणि एक कोकरू सुटलं. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर निरोप असा उरला आहे की सगळे जण माझ्याकडं पाठ करून कोकरामागं पळताहेत.

हे तुझ्यासाठी लिहिते आहे, पण तुला पाठवायचं नाही. पुढच्या खेपेला आले की तोंडानं सांगायचं आहे. तोंडानं मला कधीच जमलं नाही, चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो, म्हणून आधी लिहून बघते. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग.

तुला ठाऊक आहे, पण तुझ्या सुनांना नसेल म्हणून मांडते. आपण मेंढरंवाली माणसं. आपल्यात वाकळ विकतच्या कापडाची होत नाही. जी माणसं आपली, त्यांच्या अंगावरचं जुनेर वाकळीत जातं. बाचा पटका, आजीचं लुगडं, लेकरांची झबली, मामाच्या धोतराचं काठ. पाहुणी आली की वाकळ पसरायची आणि तिनं बोट ठेवून विचारायचं, हे कोणाचं, हे कोणाचं. माय एकेक नाव सांगायची आणि नावाबरोबर त्या माणसाची गोष्ट. मला वाटायचं सगळ्या जगात असंच असतं.

आणि एक रीत होती. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्यांची पालं कधी पुरात जायची, कधी चुलीच्या ठिणगीनं पेटायची. एखाद्या घराचं सगळं गेलं की ज्यांच्या ज्यांच्या वाकळीत त्या घराचा तुकडा असेल त्यांनी तो उसवायचा, धुवायचा, आणि सुईदोऱ्यासकट त्या घराला नेऊन द्यायचा. त्यांची नवी वाकळ त्यांच्याच कापडानं सुरू व्हावी म्हणून. आपल्या वाकळीत पडलेलं भोक मात्र बुजवायचं नाही. ते घर पुन्हा उभं राहिलं की तेच आपल्याला नवा तुकडा देतात आणि तो त्या जागी बसतो. तोवर थंडी सोसायची.

मुकुंदवाडीत आमची खोली म्हणजे एका रांगेतल्या खोल्यांपैकी शेवटून दुसरी. वर पत्रा, पुढं ओटा, नळ रांगेच्या तोंडाला. सगळे कारखान्यातले. पहाटे भोंगा झाला की बाप्ये सायकली घेऊन निघायचे आणि मग दिवसभर बायका नि लेकरं. कुणाची बोली कुणाला लागत नव्हती. नगरच्या बाया मला हसायच्या, मी "व्हय" म्हटलं की माझ्यासारखं म्हणून दाखवायच्या. मी बोलणंच बंद केलं. पाणी भरायचं, खोलीत यायचं, दार लोटायचं.

शेवटच्या खोलीत कौसाबाई होती. माझ्याहून मोठी, दोन लेकरांची आई. तिचा नवरा यांच्याच पाळीला होता. एकदा ती दार न वाजवता आत आली आणि म्हणाली, "मुकी हायस का काय गं? मी म्हनलं बघून तरी यावं." तिच्या हातात यांच्यासारखीच खाकी पँट होती, गुडघ्यावर फाटलेली. म्हणाली, याचा पाय कापू या, जेवणाच्या डब्याची पिशवी होते.

ती कला तिची. पँटचा पाय मांडीपासून कापायचा, खालचं तोंड दुहेरी शिवायचं, वरच्या काठाला पट्ट्याचे बंद उसवून लावायचे, त्यातून नाडी. मागचा खिसा काढून बाहेरून बसवायचा, त्यात तंबाखूची पुडी राहते. आतून छावणीच्या बाजारात मिळणारं जुनं ताडपत्रीचं कापड लावलं की कालवण सांडलं तरी गळत नाही. आधी आमच्या दोघींच्या घरधन्यांना केल्या, मग रांगेतल्यांनी मागितल्या, मग पाळीवरून इतरांचे निरोप आले. फाटक्या पँटी दारात येऊन पडायला लागल्या. कौसाबाई त्या ढिगाकडं बघून म्हणायची, "अर्ध्या औरंगाबादचे पाय आपल्या वट्यावर."

ती कापायची, मी शिवायची. माझा टाका बारीक होता, मायचा हात होता तो. पण कौसाबाई तोंडावर कधी चांगलं म्हणायची नाही. "सोजर, तुझा टाका मेंढरावानी चालतुया. हिरवं दिसलं की वळतुया." मी हसायला लागले ते तिच्यामुळं. नळावर नगरच्या बायांनी मला पुन्हा चिडवलं तेव्हा तिनं घागर खाली ठेवून त्यांनाच विचारलं होतं की तुमच्या शुद्ध बोलीनं पाणी लौकर भरतं का.

त्या हिवाळ्यात मायसाठी वाकळ घातली. दुपारी ओट्यावर पसरून दोघी दोन बाजूंनी बसायचो आणि काठाकाठानं आत यायचो. यांचे सदरे, माझा उरलेला परकर, सासूबाईंचं लुगडं, सगळं जोडूनही मधोमध हात-दीड हात जागा उरली. कौसाबाई उठली, घरात गेली आणि स्वतःच्या जांभळ्या लुगड्याचा पदर घेऊन आली. पदर अजून धड होता. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "तुझी माय इचारंल हे कुनाचं, तवा माझं नाव तर निघंल." तो पदर मधोमध बसला.

कौसाबाई बौद्ध होती. गावात आपण जिला खालची वस्ती म्हणतो, तसल्या वस्तीतली. तिच्या घरात कोट आणि चष्म्यातला मोठा फोटो होता, त्याला रोज ताजं फूल. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, यांनाही. रांगेत सगळ्यांचा नळ एक होता, त्यामुळं त्यावर कधी बोलणं झालं नाही. वाकळ मायला दिली तेव्हा तिनं जांभळ्यावर बोट ठेवलं. मी नाव सांगितलं, कुठली तेही सांगितलं. मायनं बोट तिथंच ठेवलं. मग म्हणाली, "रंग चांगला हाय," आणि त्याच रात्री ती वाकळ पांघरून झोपली. मला केवढा आनंद झाला होता.

पुढच्या पावसाळ्यात विद्यापीठाचं नाव बदलून कौसाबाईच्या घरातल्या फोटोतल्या माणसाचं नाव द्यायचा ठराव झाला. कौसाबाईनं माझ्या तळहातावर साखर ठेवली. तिचे डोळे भरले होते. मी विद्यापीठ पाहिलंही नव्हतं, गोड म्हणून खाल्ली. साखरेची चव जाते न जाते तोच गावोगावच्या बातम्या यायला लागल्या. शहरात कर्फ्यू लागला, भोंगा वाजायचा आणि माणसं घरात बसायची. मग एक दिवस कौसाबाईचे म्हातारे आईवडील आणि भावाचं कुटुंब तिच्या दारात आलं. अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांची वस्ती जाळली होती. शेजारच्याच लोकांनी, ज्यांच्या शेतात ते राबत होते त्यांनी. म्हातारी ओट्यावर बसली होती आणि पदरातून काळं काहीतरी झटकत होती. झटकून झालं तरी झटकत होती.

पंचमीला दादा मला न्यायला आला. पिशोरात चावडीवर जी बोलणी चालली होती ती मी लिहीत नाही. चुलीपाशी मायला कौसाबाईच्या माहेरचं सांगितलं. तिनं विचारलं, "काय काय गेलं?" मी म्हटलं सगळं. "पांघरुनं?" सगळंच, माय. ती भाकरी थापत होती, थापत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर माय अंगणात वाकळ घेऊन बसलेली आणि सुईच्या टोकानं जांभळ्या पदराचे टाके एकेक करून उसवतेय. रुक्मे, तू पाणी ओतत होतीस, तिनं तो पदर रिठ्यानं धुतला. वाळवून घडी घातली, घडीत सुई खोचली, दोऱ्याची गुंडी ठेवली, मूठभर ज्वारी बांधली. मला म्हणाली, "तिला दे. म्हनावं, आमच्यात असं असतं."

तुला हे ठाऊक नसेल, पण मी मुकुंदवाडीपर्यंत ते गाठोडं मांडीवर धरून बसले होते, खाली ठेवलं नाही. मायनं तिला आपल्या माणसांत धरलं होतं. सख्ख्या चुलत्याचं पाल जळालं तेव्हा जे केलं तेच तिच्यासाठी केलं. हे कौसाबाईला सांगायचं म्हणून मी मनात वाक्यं जुळवत होते.

वाक्यांची पाळी आलीच नाही. तिनं गाठ सोडली आणि पदर उलगडला. काठाला चारी बाजूंनी टाक्यांची भोकं दिसत होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"पाठवलं व्हय परत?"

मी सांगितलं. जमेल तसं, अडखळत, पण सगळं सांगितलं. पाल, पूर, तुकडा, नवी वाकळ. ती ऐकत होती. तिच्यामागं म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, तीही ऐकत होती. माझं संपल्यावर कौसाबाई शांतपणे म्हणाली, "सोजर, एक सांग. मी तुझ्या मायच्या घरी आले तर ती मला पानी कशात दील?"

तुला आठवतंय ना आडावरचं? खालच्या वस्तीतल्या बाया घागरी ठेवून लांब उभ्या राहायच्या आणि माय वरून पाणी वाढायची. माय हात आखडायची नाही, घागर तोंडोतोंड भरायची, पण वरून. आपण लहानपणी त्याला मायचा चांगुलपणा समजत होतो, कारण दुसऱ्या बाया तेवढंही करत नव्हत्या. मी तेव्हा खोटं बोलले असते तर कौसाबाईला कळलं असतं. खरं बोलायला तोंड उघडेना. तिला उत्तर मिळालं. तिनं पदराची घडी घातली, सुई जशीच्या तशी खोचली, ज्वारी बांधली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. फेकलं नाही. आजवर मला वाटतं, फेकलं असतं तर बरं झालं असतं.

एका खोलीत एवढी माणसं मावेनात, म्हणून थोड्याच दिवसांत ते विद्यापीठाच्या बाजूला कुठंतरी राहायला गेले. जाताना तिनं कात्री माझ्या ओट्यावर ठेवली, ती आमची दोघींची होती. मी आतून बघत होते. मला वाटलं ती हाक मारेल. तिला वाटलं असेल मी बाहेर येईन.

मायला मी दिवाळीला सगळं सांगितलं. तिला आधी कळेचना. "म्हंजी? राग आला तिला? का?" मी पाण्याचा प्रश्न सांगितला. माय बराच वेळ जमिनीवर नखानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "त्ये येगळं आन् हे येगळं." थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, "येगळं कसं." त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

पण भोक तिनं बुजवलं नाही, परत आलेला पदरही तिथं लावला नाही. तू तिच्यापाशी होतीस, तुला माझ्याहून जास्त माहीत. वाकळीच्या मधोमध, बरोबर छातीवर यायचं. दादानं सोलापुरी चादर आणून दिली, ती तिनं पाहुण्यांसाठी ठेवली. मी गेले की पहिला प्रश्न, "दिला का तिनं तुकडा?" मी नाही म्हणायची. "घर उभं ऱ्हायलं नसंल अजून," असं म्हणून ती विषय संपवायची. पुढं पिशोरात नळ आला, आड बंद झाला, पाणी वाढायचा प्रश्नच राहिला नाही. माय बदलली होती की नव्हती, ते कळायचं राहूनच गेलं. भोकाची ती वाकळ पांघरूनच ती वारली, वाकळ तुझ्याकडं राहिली.

शहरात माझं बरं चाललं. हे कायम झाले, वाळूजकडं नवे कारखाने आले, तिथं मुलगा लागला. आम्ही पत्र्याचा स्लॅब केला. विद्यापीठाच्या गेटवर नाव लागलं तेव्हा हे मला बघायला घेऊन गेले होते. निळी गर्दी होती, बायका लेकरांना खांद्यावर घेऊन नाव दाखवत होत्या. मी त्या गर्दीत एकच तोंड शोधत होते, ते दिसलं नाही.

दिसलं ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, छावणीच्या बाजारात. मी आतल्या बाजूला लावायचं ताडपत्रीचं कापड निवडत होते आणि मागून आवाज आला, "पातळ घेऊ नको, गळतंया." केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. नातवाच्या दप्तराला ठिगळ हवं म्हणून आली होती. आम्ही हॉटेलातल्या बाकावर चहा घेतला. तिनं सांगितलं, पोरगी त्याच विद्यापीठात शिकली, आता नोकरीला आहे. कौसाबाईचा नवरा वारला होता. मी माझं सांगितलं. 

मायचं तिनंच काढलं. आहे का म्हणाली. मी म्हटलं गेली. मग मला काय झालं कुणास ठाऊक, एवढ्या वर्षांत न बोललेलं सगळं बाहेर आलं. भोक तसंच ठेवलं, सोलापुरी चादर पेटीत राहिली, दर खेपेला विचारायची, सगळं. कौसाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"मेली तवर तसंच?"

"तसंच."

"आन् पानी?"

"नळ आला," मी म्हटलं.

ती हसली. मनापासून हसली, हॉटेलवाला वळून बघायला लागला. "म्हंजी नळानं सुटली म्हन की तुझी माय." मलाही हसू आलं आणि हसता हसता रडू. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी धीर करून म्हटलं, कौसाबाई, आता एखादा तुकडा देशील का? रुमालाएवढा दिलास तरी चालेल. रुक्मीकडं आहे ती वाकळ.

तिनं कप बाजूला सारला. "न्हाई देनार, सोजर. राग न्हाई माझा. तुझ्या मायनं खऱ्या मनानं पाठवलं आसंल, मला पटतंय आता. पर माझी म्हातारी त्या दिवशी भिताडाला टेकून समदं ऐकत हुती. ती गेली तवर तिला न्हाई पटलं. तिच्या माघारी मी एकटीनं कसं बुजवू?" मग उठता उठता म्हणाली, "ऱ्हाऊ दे भोक. कुनी इचारलं कुनाचं, तर माझं नाव सांग."

तिचा पत्ता मी मागितला नाही. तिनंही दिला नाही. त्यानंतर मी त्या बाजारात खूपदा गेले.

आता आमच्या वॉर्डातल्या बचत गटात मी पिशव्या शिवते. मोठ्या सोसायट्यांतून जुने कपडे पोत्यांनी येतात. जीन्स, साड्या, शाळेचे युनिफॉर्म, कुर्ते. कापून, जोडून, आत अस्तर लावून, चेन बसवून पिशव्या होतात आणि प्रदर्शनात जातात. पोरी मला मावशी म्हणतात, टाका शिकवा म्हणतात. मी शिकवते. एकदा एका जरीच्या काठावरून हात फिरवताना माझ्या तोंडून निघून गेलं, हे कोणाचं असेल गं? पोरी म्हणाल्या, मावशी, कोणाचं का असेना, डाग नाही ना ते बघा. त्यांचंही खरं आहे. पिशवी घेणारी बाई रंग बघते, शिवण ओढून बघते. कापड कुणाच्या अंगावर होतं, हे तिला सांगणार कोण?

एसटीवर आता औरंगाबाद लिहीत नाहीत, संभाजीनगर लिहितात. हे शहर मला परकं नाही, पिशोरही नाही. पण घर म्हटलं की मला खोली किंवा अंगण दिसत नाही. जिथं कुणीतरी कापडावर बोट ठेवून विचारतं आणि दुसऱ्याला नाव सांगता येतं, ते घर, असं मला वाटत आलं आहे. मुकुंदवाडीच्या ओट्यावर एका हिवाळ्यापुरतं ते मला मिळालं होतं. एका नावापाशी ते थांबलं, आणि त्या नावापुढं माझ्या मायचा चांगुलपणाही पुरा पडला नाही.

तर रुक्मे, सांगायचं होतं ते हे. मागच्या खेपेला तुझी धाकटी सून म्हणाली की मावशी, आजीची ती जुनी वाकळ पडूनच आहे, मधलं फाटलेलं काढून टाकलं तर चांगल्या चार पिशव्या निघतील. बिचारी चांगल्या मनानं म्हणाली, माझ्याचकडून शिकली आहे. मी तिथं काही बोलू शकले नाही. तिला सांग, ते फाटलेलं नाही. ती वाकळ कापायची नाही आणि त्या जागी ठिगळ लावायचं नाही. उन्हाळ्यात उन्हात टाका, रिठ्यानं धुवा, पाहुणी आली की पसरा. यांचे सदरे दाखवा, माझ्या सासूबाईंचं लुगडं दाखवा. आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून कुणी विचारलं, हे कोणाचं, तर सांगा, कौसाबाईचं.